खोक्यावरचा हर्ट्झ

घरासाठी वायफाय राऊटर घ्यायला गेलात की खोक्यावर दोन आकडे ठळक दिसतात : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. दुकानदार ‘ड्युअल बँड आहे’ एवढं सांगून मोकळा होतो. पण दोस्तांनो, हर्ट्झ हे एका माणसाचं आडनाव आहे. आणि राऊटर कुठला घ्यायचा, कुठे ठेवायचा, याची बरीचशी उत्तरं त्यानं १८८८ च्या आसपासच शोधून ठेवली आहेत.

हाइनरिख हर्ट्झ जन्मला २२ फेब्रुवारी १८५७ ला, जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये. वडील वकील. पोरगा अभ्यासात हुशार, पण जीव रमायचा सुतारकामात आणि लेथवर. साहजिकच आधी इंजिनीअर व्हायचं ठरलं. म्युनिकला गेल्यावर मात्र भौतिकशास्त्रानं ओढून घेतलं. घरी पत्र लिहून त्यानं वडिलांची परवानगी मिळवली आणि लाइन बदलली.

१८७८ मध्ये तो बर्लिनला हेल्महोल्ट्झ या दिग्गज प्राध्यापकाकडे दाखल झाला. विजेच्या आणि चुंबकत्वाच्या लाटा असतात, प्रकाश ही त्यातलीच एक, हे मॅक्सवेलनं गणितानं मांडलं होतं. पण प्रयोगातला पुरावा नव्हता. हेल्महोल्ट्झनं हा विषय सुचवला. हर्ट्झनं हिशेब केला आणि हाताशी असलेल्या साधनांनी हे जमणार नाही म्हणून तो बाजूला ठेवला.

तो विषय पुन्हा हाती आला कार्लस्रूहमध्ये. १८८५ मध्ये तो तिथे प्राध्यापक झाला, पुढच्या वर्षी एलिझाबेथ डोलशी लग्न झालं. त्याच वर्षी तारेच्या वेटोळ्यांशी खटपट करताना, एका वेटोळ्यात ठिणगी पडली की शेजारच्या वेटोळ्यातही बारीक ठिणगी उडते, हे त्याच्या लक्षात आलं. मध्ये तार जोडलेली नसताना! मग दोन वर्षं तो अंधाऱ्या खोलीत त्या इवल्याशा ठिणग्या निरखत बसला. लाटा खरंच होत्या, आणि त्या प्रकाशासारख्याच वागत होत्या.

आता गंमत बघा. हर्ट्झच्या लाटा बंद लाकडी दारातून पलीकडच्या खोलीत पोचल्या. जस्ताच्या पत्र्यावरून मात्र उलट फिरल्या. मदतनीस मध्ये आला की पलीकडची ठिणगी विझायची. लाटा घेणारी तार आडवी फिरवली तरी तेच.

म्हणजे राऊटर लोखंडी कपाटामागे, टीव्हीच्या पाठी किंवा फ्रिजवर नको. घराच्या मध्यावर, माणसांच्या डोक्यापेक्षा उंच ठेवा. अँटेना दोन असतील तर एक उभी, एक तिरकी.

राहिला आकड्यांचा प्रश्न. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे पाच अब्ज. कंपनं वाढली की लाट आखूड होते. हर्ट्झची लाट सुमारे ६६ सेंटिमीटर, २.४ ची साडेबारा, तर ५ ची जेमतेम सहा. ५ वर स्पीड भारी मिळतो, पण सिमेंटच्या भिंती तो सिग्नल जास्त खातात. २.४ लांब जातो, पण तिथे शेजारपाजारच्या सगळ्या राऊटरांची गर्दी. म्हणून ड्युअल बँड.

एक-दोन खोल्यांचं घर असेल तर मध्यम किमतीचा ड्युअल बँड पुरेसा आहे. शेवटच्या खोलीत रेंज येत नसेल, तर सहा अँटेनांच्या महागड्या राऊटरवर पैसे उडवू नका. किती ताकदीनं सिग्नल सोडायचा यावर सरकारी मर्यादा असते, शिवाय तुमच्या मोबाइलचा दुबळा सिग्नल परत राऊटरपर्यंत पोचायला हवा. त्यापेक्षा तिथपर्यंत लॅन केबल ओढा आणि दुसरा अॅक्सेस पॉइंट बसवा. भिंतीशी भांडण्यापेक्षा तिला वळसा घातलेला बरा.

हर्ट्झला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. आपल्या लाटांचा रोजच्या जगण्यात उपयोग होईल, असं त्याला वाटलंही नव्हतं. १८८९ मध्ये तो बॉनला गेला. १८९२ पासून आजारपण मागे लागलं, शस्त्रक्रिया झाल्या, आणि १ जानेवारी १८९४ ला तो गेला. वय अवघं ३६. मागे बायको आणि दोन लहान मुली. त्याच वर्षी त्याच्या प्रयोगांबद्दल वाचून इटलीत मार्कोनी नावाचा पोरगा बिनतारी संदेशाच्या नादाला लागला.

१९३० मध्ये कंपनांच्या एककाला हर्ट्झचं नाव मिळालं. पण पुढे नाझी सत्तेवर आले. हर्ट्झच्या वडिलांचं घराणं मुळात ज्यू. हॅम्बर्गच्या नगरभवनातलं त्याचं चित्र उतरवलं गेलं, बायको-मुलींना देश सोडून इंग्लंड गाठावं लागलं. एककातून मात्र ते नाव कुणाला काढता आलं नाही. आज ते प्रत्येक राऊटरच्या खोक्यावर आहे.