अनाहत आणि एक न्यायमूर्ती

कलकत्त्याच्या हायकोर्टात दिवसभर साक्षीपुरावे तपासणारा इंग्रज न्यायाधीश तंत्रग्रंथांत रमावा, हे नवलच. सर जॉन वुड्रॉफ यांचा जन्म १८६५ सालचा. १९०४ मध्ये ते न्यायमूर्ती झाले. तंत्र म्हणजे जादूटोणा आणि अनाचार, हा समज तेव्हा साहेबांचाच नव्हे, आपल्या सुशिक्षितांचाही होता. वुड्रॉफ यांनी मात्र शिवचंद्र विद्यार्णव यांना गुरू मानले आणि ‘आर्थर अ‍ॅव्हलॉन’ या टोपणनावाने ग्रंथ काढले. त्या नावाआड अटलबिहारी घोष यांचे संस्कृत पांडित्यही होते, हे पुढील संशोधनाने दाखवले. घोषबाबूंना विसरणे अन्यायाचे होईल.

१९१९ साली ‘द सर्पंट पॉवर’ प्रसिद्ध झाले. पूर्णानंदांनी १५७७ मध्ये रचलेल्या ‘षट्चक्रनिरूपणा’चा अनुवाद त्यात आहे. आघाताविना उमटणारा नाद तो अनाहत. तो जेथे ऐकू येतो ते हृदयस्थानीचे चक्रही अनाहतच. तेथे बंधूकपुष्पासारखे तांबडे, बारा पाकळ्यांचे कमळ आहे. पाकळ्यांवर क पासून ठ पर्यंतची अक्षरे. (हल्लीच्या तक्त्यांतला हिरवा रंग येथे नाही!) मधोमध वायूचा धुरकट षट्कोन, आणि काळविटावर आरूढ ‘यं’ हे बीज. काळवीट म्हणजे मूर्तिमंत चांचल्य. पण याच वायूच्या घरात जीवात्मा आहे, तो निवाऱ्यातल्या दिव्यासारखा, न हलणारा. मनाच्या धावपळीचे आणि तिच्या तळाशी असलेल्या शांततेचे इतके नेमके चित्र आम्ही अन्यत्र पाहिले नाही.

वुड्रॉफ १९२२ मध्ये निवृत्त झाले. पुढे त्यांनी ऑक्सफर्डला भारतीय कायदा शिकवला. १९३६ मध्ये ते फ्रान्समध्ये वारले.