मागणं दत्ताकडे, की दत्ताचंच?

दत्तजयंती जवळ आली की आमच्या संगमेश्वरात शास्त्री-सोनवीच्या काठी थंडी उतरते आणि घरोघरी गुरुचरित्राच्या सप्ताहाची तयारी सुरू होते. मीही पुष्कळ वर्षं पारायणाला बसत आलो. खरं सांगायचं तर दरवेळी संकल्प सोडताना मनात काही ना काही मागणं असायचंच. थोरल्याची नोकरी, धाकटीचं लग्न, घरावरचं कर्ज. महाराजांनी बरंचसं पुरवलंही. मग आमची सौ. आजारी पडली. तेव्हाही सप्ताह केला, पण ती राहिली नाही. त्या वर्षी पोथी बासनात बांधली ती चार वर्षं सोडली नाही.

ती पुन्हा सोडायला लावली आपल्या कोकणातल्याच एका सत्पुरुषाच्या चरित्राने. प. प. श्री वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी महाराज.

स्वामींचा जन्म १८५४ साली माणगावचा, सावंतवाडीजवळचा. वडील गणेशपंत, आई रमाबाई. वेदाध्ययन झालं, ज्योतिष आणि औषधं यांचंही ज्ञान होतं. अन्नपूर्णाबाईंशी विवाह झाला. नृसिंहवाडीला पायी जाऊन दत्तसेवा केली आणि १८८३ साली माणगावात दत्तमंदिर उभं केलं. सात वर्षं तिथे लोकांची रीघ लागली. कुणाला रोगमुक्ती हवी, कुणाला संतान, कुणाला पैसा. स्वामी सगळ्यांना उपाय सांगत. असं नावारूपाला आलेलं स्थान कुणी सोडील का हो? पण दत्तप्रभूंची आज्ञा होताच स्वामी सगळं तिथेच ठेवून पत्नीसह बाहेर पडले.

पुढे १८९१ साली गोदातीरी गंगाखेडला अन्नपूर्णाबाई निवर्तल्या. इथे मी वाचता वाचता थांबलो. ज्यांच्या दारी शेकडो लोक दुःख घेऊन येत, त्यांच्याच घरात हे घडावं! माझ्यासारखा रुसून बसला असता. स्वामींनी पत्नीची उत्तरक्रिया केली आणि संन्यास घेतला. मी जिथे पोथी बांधली, तिथे त्यांनी उरलेलं सगळं आयुष्यच देवाच्या पायी घातलं.

त्यानंतर दंड, कमंडलू, अंगावर छाटी आणि अनवाणी पाय. उत्तरेला बदरीकेदार, दक्षिणेला तंजावर, अशी भारतभर पायी भ्रमंती झाली. पैशाला शिवायचे नाहीत, भिक्षेचे नियम कडक. त्यातून पोटाला संग्रहणीची व्यथा जन्मभर. दुसऱ्यांना औषध सांगणारे स्वामी स्वतःचं दुखणं मात्र सोसत राहिले.

मग त्यांनी देवाकडे काहीच मागितलं नाही का? मागितलं की! १९११ च्या चातुर्मासात कुरवपूरला त्यांनी घोरकष्टोद्धरण स्तोत्र रचलं. आपण ते रोज म्हणतो, पण त्यातली प्रार्थना एकट्यासाठी नाही, आपणा सगळ्यांसाठी आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. प्रपंचातल्या माणसाने संकट देवाला सांगावं, याला त्यांची ना नाही. भोग आणि मोक्षही त्यात मागितले आहेत. पण त्यांच्या जोडीला धर्माची आवड, सद्बुद्धी, भक्ती, सत्संग आणि देवाच्या ठायी भावाची ओढ आहे. मी नेमकं तेवढंच गाळून म्हणत होतो.

आणि करुणात्रिपदीत तर ते सांगतात, की देवाने अपराधासाठी दंड उगारला तरी आम्ही माथा त्याच्याच पायी ठेवू. दुसऱ्या कुणाचा धावा करणार? हे वाचलं आणि डोळ्यांना धार लागली. मी देणं बंद झालं म्हणून देणाऱ्यालाच विसरलो होतो.

१९१४ साली आषाढ शुद्ध प्रतिपदेला नर्मदातीरी गरुडेश्वरी स्वामींनी देह ठेवला. मागे मालमत्ता काही नाही. मागे राहिले त्यांचे ग्रंथ, स्तोत्रं आणि देवळादेवळांत रोज चालणारी करुणात्रिपदी.

गेल्या मार्गशीर्षात मी पुन्हा पारायणाला बसलो. हातात पाणी घेतलं आणि सवयीने मागणं आठवू लागलो. गुडघे दुखतात, नातवाची परीक्षा आहे, सगळं ओठांवर आलं. मग म्हटलं, महाराज, हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. ते द्या न द्या, तुमची मर्जी. पण या सात दिवसांत तुम्ही माझ्याजवळ बसा.

आणि पाणी सोडलं. सौ.ची आठवण आली, येतच राहते. पण त्या वेळी मी एकटा नव्हतो.

॥ श्रीगुरुदत्तार्पणमस्तु ॥