कोकण रेल्वेसाठी झगडणारे बॅरिस्टर नाथ पै

आज रत्नागिरी स्टेशनात गाड्यांची ये-जा चालूच असते. पण घरातल्या आजी-आजोबांना जरा विचारा, त्यांच्या लहानपणी मुंबईला कसे जायचे? बोटीने भाऊच्या धक्क्यावर, नाहीतर एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करत. पावसाळ्यात बोटीही बंद! मुंबई-ठाणे गाडी १८५३ सालीच धावली होती, आणि आपलं कोकण मात्र तसंच राहिलं.

हे दुःख दिल्लीत मांडणारा माणूस म्हणजे बॅरिस्टर नाथ पै. त्यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्याचा. वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते, सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १९८१ मध्ये. ४२ च्या चळवळीत त्यांनी तुरुंग भोगला. पुढे इंग्लंडला जाऊन ते बॅरिस्टर झाले. हाती एवढी पदवी असताना वकिली करून खोऱ्याने पैसा मिळवता आला असता, पण ते राजकारणात उतरले.

१९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर पाठवले. उत्तम वक्ते म्हणून त्यांचे नाव देशभर झाले. पण मला त्यांची चिकाटी जास्त मोठी वाटते. कोकणातली तरणी माणसं मुंबईच्या गिरण्यांत आणि गावची चूल मनिऑर्डरवर. आंबा आणि मासे वेळेत बाजारात पोचले तरच त्याला भाव. म्हणून ते संसदेत रेल्वेची मागणी लावून धरत. वाटेत डोंगर, नद्या, खाड्या, त्यामुळे खर्च अफाट! एवढा पैसा घालून रेल्वे परवडणार का, हीच अडचण दरवेळी पुढे यायची.

१८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात त्यांचे निधन झाले. वय फक्त ४८. तेव्हा रत्नागिरीत रुळाचा तुकडासुद्धा नव्हता.

त्याच वर्षी राजापूरमधून प्रा. मधु दंडवते निवडून आले आणि त्यांनी हा प्रश्न सोडला नाही. १९७७ मध्ये तर ते रेल्वेमंत्रीच झाले. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग पूर्ण झाला. नाथ पैंच्या वेंगुर्ल्यात मात्र स्टेशन नाही, सावंतवाडी किंवा कुडाळला उतरावं लागतं.

रत्नागिरीहून मुंबईकडे निघालात की साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. सावंतवाडीकडे निघालात तर पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल येईल, तिथे खिडकीतून खाली नक्की बघा.