उन्हाचे कारागीर : दादासाहेब फाळके

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके सर्वांना ठाऊक आहेत. मात्र ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, तेव्हा त्यांचे वय त्रेचाळीस होते. त्याआधीची वीसेक वर्षे त्यांनी प्रकाशाला कागदावर, काचेवर आणि दगडावर उमटवण्याची विद्या आत्मसात करण्यात घालवली होती. चित्रपट हे त्याच साधनेचे फळ होय.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका संस्कृत पंडिताच्या घरी झाला. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तेथील प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे नामांकित रसायनतज्ज्ञ. त्यांच्या प्रोत्साहनाने फाळके यांनी छायाचित्रण हाती घेतले. रतलाम येथे जाऊन ते तीन रंगांचे ब्लॉक आणि फोटो-लिथो ही तंत्रेही शिकले.

फोटो-लिथोचे सारे रहस्य उन्हात होते. जिलेटिनमध्ये बायक्रोमेट मिसळून कागदावर लेप द्यायचा, तो अंधारात वाळवायचा आणि निगेटिव्हखाली ठेवून उन्हात धरायचा. ऊन लागलेला भाग कठीण होऊन शाई धरतो. झाकलेला भाग पाणी शोषून शाई सोडून देतो. हा ठसा दगडावर उतरवला की हव्या तितक्या प्रती निघतात. ऊन कमी पडले तर ठसा पुसट होई, अधिक झाले तर बारकावे हरवत. इंग्लंडमध्ये जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली निळ्या ठशांची पद्धत, जिच्यावरून इमारतींच्या नकाशांना ब्लू प्रिंट हे नाव मिळाले, ती याच कुळातली.

गोध्रा येथे फाळके यांनी स्टुडिओ थाटला. पण प्लेगने पत्नी आणि अपत्य हिरावून नेले आणि ते गाव सुटले. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखकाची नोकरी मिळाली. स्वदेशीच्या लाटेत तीही सोडून त्यांनी लोणावळ्यास छपाईचा उद्योग सुरू केला. रविवर्मा प्रेससाठी ते फोटो-लिथोचे काम करीत. गणपतीपुळ्याच्या गणेशाला प्रदक्षिणा घालायची तर डोंगरालाच वळसा घालावा लागतो, तेथे जाण्यावाचून गत्यंतर नसते. छापील चित्रांनी मात्र देवांना घरोघरच्या भिंतीवर आणून बसवले. त्या उलाढालीत फाळके यांचाही हात होता.

दादरच्या लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्ससाठी १९०९ मध्ये ते जर्मनीहून यंत्रसामग्री घेऊन आले. तथापि भागीदारांशी मतभेद होऊन, स्वतः उभारलेला छापखाना त्यांना सोडावा लागला. चाळिशी उलटलेली, हाती उत्पन्न नाही, अशा काळात मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट त्यांच्या पाहण्यात आला. त्यानंतरच्या अखंड निरीक्षणाने आणि जागरणांनी त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत आली, तेव्हा विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपणारा छोटा पट दाखवून त्यांनी भांडवल मिळवले.

कच्च्या फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे घरीच चालत आणि त्यांत द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांचा वाटा मोठा होता. चित्रीकरण सूर्यप्रकाशातच होई; उजेड परावर्तित करण्यासाठी सरस्वतीबाई पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत. संसाराचे दागिनेही याच कामी आले. रतलामची विद्या आता हलत्या चित्रांना उपयोगी पडत होती.

बोलपट आला आणि फाळके मागे पडले. ‘गंगावतरण’ हा १९३७ मधील त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपटही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, काहीशा विस्मृतीतच, त्यांचे निधन झाले. शासनाने १९६९ पासून त्यांच्या नावे चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. ज्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांनी सर्वस्व पणाला लावले, त्याची मात्र पूर्ण प्रत उरलेली नाही, केवळ काही भाग जतन झाले आहेत. प्रकाशाने उमटवलेले जपणे हे उमटवण्याइतकेच कठीण असते.