अज्ञान सम्राटाची सही

अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, असे आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना शिकवितात. हा नियम वाचला की मला बायझंटाईन सम्राट दुसरा अलेक्सिओस कोम्नेनोस आठवतो.

१४ सप्टेंबर ११६९ रोजी त्याचा जन्म झाला. पिता सम्राट पहिला मॅन्युएल. माता अँटिओकची राजकन्या मारिया. तोवर पुत्र नसल्याने मॅन्युएलने हंगेरीच्या राजपुत्र बेलाला जावई करून घेऊन गादी देण्याचे योजिले होते. अलेक्सिओस जन्मला आणि तो बेत मोडला. ११७१ साली हे तान्हे मूल सहसम्राट झाले. ११८० च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या राजकन्या ॲग्नेसशी त्याचे लग्न लागले, आणि सप्टेंबरात पित्याचे छत्र हरपले. सम्राट अवघा अकरा वर्षांचा!

कारभार आईच्या हाती गेला. ती पडली लॅटिन वंशाची. इटालियन व्यापाऱ्यांचे प्रस्थ पाहून राजधानी कॉन्स्टॅन्टिनोपलचे लोक आधीच चिडलेले. सम्राट मात्र शिकारीत आणि खेळात रमलेला. ही संधी मॅन्युएलचा चुलतभाऊ अँड्रोनिकोस याने साधली. बालसम्राटाचा रक्षणकर्ता म्हणवीत तो ११८२ मध्ये सैन्यासह आला. शहरात लॅटिन रहिवाशांची भीषण कत्तल झाली. मे महिन्यात त्याने अलेक्सिओसचा पुन्हा राज्याभिषेक करविला. त्या वेळी मुलाला खांद्यावर घेऊन तो मिरवला, असे सांगतात.

पुढे त्याने मारियावर राजद्रोहाचा आरोप ठेवला. तिने बेलाशी संधान बांधले, असा तो आरोप होता. बेला आता हंगेरीचा राजा होता. मृत्युदंडाच्या आज्ञेवर सही हवी होती सम्राटाची, आणि सम्राट म्हणजे तिचाच मुलगा. लाल शाईने सही करणे हा तेथील सम्राटाचा मान. त्या मानानेच पोराकडून आईचा जीव घेवविला.

एकदा सही मिळाल्यावर त्या हाताची गरज उरली नाही. सप्टेंबर ११८३ मध्ये अँड्रोनिकोस सहसम्राट झाला. थोड्याच दिवसांत धनुष्याच्या दोरीने अलेक्सिओसचा गळा आवळून प्रेत समुद्रात टाकण्यात आले. वय चौदा. साठी उलटलेल्या अँड्रोनिकोसने बारा वर्षांच्या विधवा ॲग्नेसशी लग्न केले. ११८५ मध्ये राजधानीच्याच जमावाने त्याला हालहाल करून मारले.

अज्ञानाच्या हितासाठी कायदा पालक नेमतो. पण पालकाचाच डोळा इस्टेटीवर असेल तर? आमच्या पुस्तकातला तो कोरडा नियम कुणाच्या रक्षणासाठी आहे, हे मला या मुलाच्या सहीने शिकविले.