आकाशमार्गाचे राखणदार : आर्ची लीग

आगगाडीला रूळ असतात, रस्त्याला कडा असतात; आकाशांत मात्र वाटेची खूण कोठेंच दिसत नाहीं. तरीहि हजारों विमानें एकमेकांस न भिडतां सुखरूप उतरतात. ज्या शिस्तीमुळें हें घडतें, तिचा पाया घालणाऱ्यांत आर्ची लीग ह्यांची गणना होते.

अमेरिकेंतील मिसूरी संस्थानांत, पॉप्लर ब्लफ ह्या गांवीं, १९०७ सालीं त्यांचा जन्म झाला. तरुणपणीं ते गांवोगांव उड्डाणाचे खेळ करीत व विमानें दुरुस्तहि करीत. १९२९ सालीं सेंट लुई शहरानें लॅम्बर्ट विमानतळावर त्यांची नेमणूक केली. अमेरिकेंतील पहिले विमान-वाहतूक नियंत्रक ते हेच. त्या वेळीं तेथें ना मनोरा होता, ना रेडिओ. एकचाकी हातगाडींत खुर्ची, मोठी छत्री, शिदोरी, पाणी आणि दोन निशाणें घालून ते मैदानावर जात. तांबडें निशाण दिसलें कीं वैमानिकानें थांबावें. चौकटींचें दिसलें कीं निघावें. पुढें मनोरा उभा राहिला, रेडिओ आला.

परंतु निशाणाची सत्ता नजरेच्या टप्प्यापुरतीच. नजरेआड गेलेलें विमान कोणी सांभाळावयाचें? १९३५ सालीं विमान कंपन्यांनीं न्यूअर्क येथें मार्गनियंत्रणाचें पहिलें केंद्र काढलें. पुढच्याच वर्षीं शिकागो व क्लीव्हलंड येथें केंद्रें निघालीं आणि सरकारनें तीं सर्व आपल्या हातीं घेतलीं. १९३७ सालीं लीग ह्या सरकारी सेवेंत दाखल झाले. महायुद्धांत त्यांनीं वैमानिक म्हणून काम केलें व ते कर्नलच्या हुद्द्यास पोहोंचले.

आकाशाचे विभाग पाडून प्रत्येक विभाग एकेका नियंत्रकाकडे देण्याची रीत रूढ झाली. तींत खरी कसोटी सीमेवर लागते. विमान सीमेशीं येण्यापूर्वींच पहिल्या नियंत्रकानें शेजाऱ्यास त्याची ओळख, उंची व येण्याची वेळ कळवावयाची. शेजाऱ्यानें तें स्पष्टपणें पत्करावयाचें. आणि मगच वैमानिकास नव्या नियंत्रकाशीं बोलावयास सांगावयाचें. होकार मिळाला नाहीं तर विमान सीमेअलीकडेच राखावयाचें. आरंभीं हा व्यवहार टेलिफोनवर व फळ्यांवरील नोंदींवर चाले. रडार मागाहून आलें.

ही शिस्त जेथें पोहोंचली नव्हती, तेथें काय होई? ३० जून १९५६ रोजीं ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ माणसें प्राणास मुकलीं. त्या ठिकाणीं त्यांना परस्परांपासून दूर राखण्याचा भार कोणत्याहि नियंत्रकावर नव्हता. ह्या आघातानें देश जागा झाला व १९५८ सालीं विमानवाहतुकीसाठीं नवें स्वतंत्र खातें स्थापन करण्याचा कायदा झाला. त्या खात्यांत लीग मोठ्या अधिकारपदावर चढले व १९७३ सालीं निवृत्त झाले. १९८६ सालीं त्यांचें निधन झालें.

विद्यार्थिमित्रहो, काम दुसऱ्यावर सोंपविलें म्हणजे आपण सुटलों, असें आपणांस सहज वाटतें. दुसऱ्यानें तें खरोखर हातीं घेतलें, हें कळेपर्यंत तें आपलेंच असतें. ह्या एका नियमावर आजहि आकाशांतील असंख्य प्राण विसंबून आहेत.