अदृश्य लहरींना मोजमापात आणणारे आचार्य

मुरबाड तालुक्यातील म्हसा गाव पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी आणि बैलबाजारासाठी सर्वदूर परिचित आहे. अशा डोंगराळ भागात मोबाइल टॉवरच्या लहरी पोचतात का, आणि टॉवरशेजारच्या घरात त्या मर्यादेबाहेर तर जात नाहीत ना, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर हातात मावणारे एक मापक देते. अँटेना लहरी गोळा करते, आतील डायोड त्यांचे विद्युतदाबात रूपांतर करतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. या मांडणीचा पाया रचणाऱ्यांत आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे स्थान अग्रभागी आहे.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये जन्मलेल्या जगदीशचंद्रांना वडिलांनी आग्रहाने मातृभाषेच्या शाळेत घातले. केंब्रिजहून परतल्यावर १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले. युरोपीय प्राध्यापकांपेक्षा कमी वेतन देऊ केल्याने त्यांनी तीन वर्षे वेतनच स्वीकारले नाही. शिकवणे मात्र चालू ठेवले. अखेर सरकारला पूर्ण थकबाकी द्यावी लागली.

हर्ट्झ यांनी रेडिओलहरी सिद्ध केल्या होत्या. पण त्यांची तरंगलांबी मोठी असल्याने उपकरणेही अवाढव्य होती. बोस यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या आणि सारी प्रयोगशाळा एका मेजावर आणली. लहरी गोळा करण्यासाठी त्यांनी नरसाळे वापरले. ग्राहकातील पोलादी तारांच्या वेटोळ्यांवर लहर पडताच विद्युतप्रवाह बदले आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा हले. १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली आणि दारू उडवली. १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

संशोधनातून धन मिळवणे त्यांना मान्य नव्हते. हितचिंतकांच्या आग्रहामुळे गॅलिना या खनिजावर आधारित ग्राहकाचे अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये त्यांच्या नावे झाले. पण त्याचा लाभ त्यांनी घेतला नाही. बिनतारी संदेशवहनासाठी १९०९ चे नोबेल मार्कोनी आणि ब्राऊन यांना मिळाले. तोवर बोस वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले होते. तेथेही मापनाची ओढ कायम राहिली. रोपांची सूक्ष्म वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी घडवला. १९१७ मध्ये त्यांनी बोस इन्स्टिट्यूटची स्थापना केली, १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९५५ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ पिअर्सन आणि ब्रॅटन यांनी अर्धवाहक स्फटिकाने रेडिओलहरी टिपण्याचे श्रेय बोस यांना दिले.

भारताने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाच्या दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती प्रति चौरस मीटर ०.४५ वॉट ठरली. २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'तरंग संचार' संकेतस्थळाद्वारे नागरिकांना शुल्क भरून मोजणी मागण्याची सोय दिली. टॉवरविषयीची भीती आणि आश्वासने दोन्ही याच आकड्यावर तपासता येतात. ज्ञान सर्वांचे आहे, या भावनेने पेटंटकडे पाठ फिरवणाऱ्या बोस यांचा वारसा जपायचा, तर टॉवरच्या सावलीत राहणाऱ्यांपर्यंत हा आकडा पोचायला हवा.